मागचं डावं चाक

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांना चिकटून
मुश्ताकचाचांचं गॅरेज. दीड गाडी मावते,
त्यातली अर्धी कायम फुटपाथवर.
औंधच्या आयटीआयमधून मी इथे आले
तेव्हा चाचांनी सर्टिफिकेट पाहिलंच नाही,
म्हणाले, आधी नखं काप.

आज जॅकवर रायरीकर बाईंची पद्मिनी.
तक्रार: दिवे घाट उतरताना पेडल खाली खाली गेलं,
"पाय पार पत्र्याला टेकला हो,
आणि गाडी आपली चाललीच आहे."

चाक निघालं. ड्रम निघेना.
वर्षानुवर्षांचा गंज हबला घट्ट धरून.
मी हातोडी उचलली, चाचांनी ती काढून घेतली.
ड्रमच्या तोंडावर दोन रिकामी भोकं होती,
मला वाटलं होतं काहीतरी गळून पडलंय.
त्यात दोन बोल्ट. थोडा हा पिळायचा, थोडा तो,
आणि ठक्,
शेवयांच्या डब्याचं अडकलेलं झाकण सुटावं तसा
ड्रम हातात.

फुंकू नको. ती धूळ छातीत जाते.
पुढचं त्यांच्या खोकल्याने सांगितलं.

आत बघ.
समोरासमोर बसलेले दोन शू, चंद्रकोरीसारखे,
लायनिंग त्यांच्या पाठीला.
वर सिलिंडर, अंगठ्याएवढा.
पेडल दाबलं की तेल त्याच्यात घुसतं,
तो दोघांना बाहेर लोटतो, ड्रमच्या भिंतीवर,
पाय उचलला की स्प्रिंगा त्यांना ओढून घरी आणतात.
एवढंच.

एवढंच नाही.
पुढचा शू भिंतीला टेकला
की फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो,
ओढता ओढता आणखी घट्ट रोवून घेतो.
थांबवायला लागणारा बराचसा जोर
पळणाराच पुरवतो.
हे मी आकृतीसकट लिहिलं होतं, पाच मार्कांना.
चाचांनी रिकामी बादली आडवी धरली,
माझा तळहात आत टेकवला, बादली फिरवली.
मनगट ओढलं गेलं
तेव्हा कळलं.

मग घाटात?
घाटात तापला. लोखंड तापलं की फुगतं,
भिंत मागे सरकते,
शू आपले पुढे होतात, आणखी पुढे होतात,
पुरत नाहीत.
"म्हणजे ब्रेक होता, पण पोचत नव्हता?" बाईंनी विचारलं.
चाचांनी मान डोलावली.
त्यांना ऐकू आलं नव्हतं.

कान गेले त्याला तीन रमजान झाले.
गिऱ्हाइकांना माहीत नाही.
मला माहीत आहे, कारण ब्रेक सेट करताना
ते चाकाकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

नवे शू बसले. ड्रम लेथवरून चकचकीत होऊन आला.
चाचा गाडीखाली, हातात पाना,
मी चाक फिरवतेय.
मोकळं.
पाव फेरा.
मोकळं.
पाव फेरा.
खस्स्.
रस्त्यावरून टेम्पो गेला, हॉर्न देत.
पुन्हा फिरवलं. खस्स्, खस्स्.
मी हात वर केला.
एवढं घासू दे, खालून आवाज आला,
अजिबात न घासणारा ब्रेक वेळेवर पोचत नाही.

संध्याकाळी मी चालवायला, चाचा शेजारी.
रास्ता पेठ, पॉवर हाऊस, परत.
पेरूच्या हातगाडीमागे गाडी गपकन उभी राहिली,
मी त्यांच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.
गॅरेजपाशी उतरले, वाकले,
उजव्या चाकाजवळ तळहात धरला,
मग डाव्या.
मग माझा हात धरून तिथे नेला.
डावं गरम होतं. भाजण्याइतकं नाही,
ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळाएवढं.

हात उशिरा वर केलास, चाचा म्हणाले,
आणि पायाने जॅक गाडीखाली सरकवला.